मला काहीच होत नाहीये, पण सीपीके १,१४०!

ऑफिसच्या मेडिकल चेकअपला आपण का जातो? खरं सांगू? अर्ध्या दिवसाची सुट्टी आणि फुकटचा नाश्ता. मीही त्यासाठीच गेले होते. दोन दिवसांनी रिपोर्ट आला आणि त्यात एसजीओटी वाढलेलं. शेजारच्या डेस्कवरून लगेच शेरा, ‘‘वीकेंडला जरा कमी घेत जा!’’ आता मी बिअरलासुद्धा हात लावत नाही, पण ऐकतंय कोण?

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मात्र वेगळंच विचारलं, ‘‘जिम लावलीस का?’’ लावली होती. चेकअपच्या आदल्याच दिवशी ट्रेनरनं शंभरेक स्क्वॉट्स मारून घेतले होते. एसजीओटी लिव्हरसारखं स्नायूंतही असतं म्हणे! मग सीपीके केलं. हे स्नायूंच्या पेशींमधलं एन्झाइम, पेशींना मार बसला की रक्तात उतरतं. लॅबची मर्यादा १७०. माझा आकडा १,१४०.

‘‘घाबरू नकोस. आठ दिवस जिम बंद, मग परत बघू. लघवी चहासारखी काळपट झाली किंवा हातपाय लुळे वाटले, तर मात्र थांबायचं नाही, लगेच यायचं.’’ सवय नसलेल्या व्यायामानंतर हा आकडा कित्येक दिवस चढा राहतो. थायरॉइड मंदावलं, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असली, नुकतंच दंडात इंजेक्शन घेतलं असलं, तरी वाढतो. मी सगळ्याला ‘नाही’ म्हणत गेले. शेवटचा प्रश्न, ‘‘घरात कुणाला स्नायूंचा आजार?’’

मामा. आईचा धाकटा भाऊ. ड्यूशेन डिस्ट्रॉफीनं सतराव्या वर्षी गेला. घरात त्याचा विषय निघत नाही, फोटो आईच्या कपाटात असतो. या आजाराचा दोष एक्स क्रोमोसोमवर असतो. आजार बहुतेक मुलग्यांना होतो आणि बायका वाहक असू शकतात, स्वतःला काहीही होत नसताना. सीपीके तेवढं कधीकधी वाढलेलं दिसतं. आणि माझं मे महिन्यात लग्न!

आठ दिवसांनी आकडा आला १५८. मी पेढे वाटायच्या मूडमध्ये, डॉक्टर नाहीत. आकडा तिप्पट-चौपट राहिला असता तर न्यूरॉलॉजिस्ट, ईएमजी वगैरे पुढचा रस्ता होता, तो टळला. पण कित्येक वाहक बायकांचं सीपीके नॉर्मलच येतं. म्हणजे जिमचा प्रश्न सुटला, मामाचा नाही. त्यासाठी डीएनए तपासणी, आणि ती आधी आईची. तिच्यात दोष सापडला तर तोच माझ्यात शोधायचा, आणि तिच्या हृदयाचा इकोही काढायचा, कारण वाहक बायकांच्या हृदयालाही त्रास होऊ शकतो.

आईला सांगायला मला चार दिवस लागले. ती एवढंच म्हणाली, ‘‘शनिवारी जाऊ.’’ फॉर्म भरताना मामाची जन्मतारीख, तो चालायचा कधी थांबला, सगळं तिला तोंडपाठ होतं. रिपोर्ट अजून यायचाय. जिम मी परत सुरू केलीय, स्क्वॉट्स वीसच.