विश्लेषण : बोरघाट चढण्यापेक्षा उतरताना रेल्वेची कसोटी का लागते?

कर्जतहून निघालेली गाडी पळसदरीला आली की रूळ दोन वाटांना लागतात. एक फाटा केळवली, डोळवली, लौजी करत डोंगराच्या पायथ्याने खोपोलीला जातो. दुसरा बोरघाट चढून लोणावळ्याला आणि पुढे पुण्याला. चढणाऱ्या गाडीला मागून इंजिने ढकलत असतात, तर उतरणारी गाडी वाटेत थांबत-थांबत, दबकत येते. ‘उताराला इतका वेळ कशाला?’ हा प्रश्न खिडकीशी बसलेल्या अनेकांना पडतो. त्याचे उत्तर जडत्वात आहे.

जडत्व म्हणजे नेमके काय?

थांबलेली वस्तू थांबून राहू पाहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने, त्याच दिशेने सरळ चालत राहू पाहते. या गुणधर्माला जडत्व म्हणतात. वस्तुमान जितके जास्त, तितके जडत्व जास्त. ही स्थिती बदलायची तर बाहेरून असंतुलित बल लागते. न्यूटनने १६८७ मध्ये गतीचा पहिला नियम म्हणून हे मांडले. त्याआधी गॅलिलिओने उतरत्या फळीवर गोळे सोडून गतीचा अभ्यास केला होता. एका उतारावरून सोडलेला गोळा समोरच्या चढावर साधारण तेवढ्याच उंचीपर्यंत जातो. चढ जितका सौम्य, तितका गोळा लांब जातो. मग समोर चढच नसेल आणि घर्षणही नसेल, तर तो थांबेल कशाला? गॅलिलिओचा हा तर्क बोरघाटात आजही उपयोगी पडतो, तो कसा ते पुढे पाहू.

चढताना मागून इंजिने का लावतात?

१८६३ मध्ये सुरू झालेल्या या घाटमार्गाचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी एक मीटर वर चढते. डोळ्यांना हा चढ किरकोळ वाटतो, पण रेल्वेच्या हिशेबात तो फार मोठा आहे. समजा, प्रवाशांसह डब्यांचे वजन १,२०० टन आहे. १२३ टनांचे डब्ल्यूएपी-७ इंजिन धरून ते १,३२३ टन होते. या वजनाचा सदतिसावा भाग, म्हणजे जवळपास ३६ टनांचे बल, गाडीला सतत मागे खेचत असते. या इंजिनाचा सुरुवातीचा जास्तीत जास्त जोर आहे सुमारे ३३ टनांचा. म्हणजे घाटात थांबलेली अशी गाडी एकटे इंजिन हलवूही शकणार नाही.

म्हणून कर्जतला गाडीच्या मागे ‘बँकर’ इंजिने जोडतात. प्रवाशांना वडापाव घेण्याइतका वेळ मिळतो तो याचमुळे. बँकर मागे लावण्याला आणखी कारणे आहेत. सगळा जोर पुढूनच लावला तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर पूर्ण गाडीचा ताण येईल. शिवाय एखादे कपलिंग तुटले, तरी मागची इंजिने डबे उताराला लागू देत नाहीत.

मग वंदे भारतला बँकर का लागत नाही?

१० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत हा घाट बँकरशिवाय चढते. तिच्या मोटारी एका इंजिनात नसून अनेक डब्यांखाली विभागलेल्या आहेत. चाक रुळाला धरून ठेवते ते घर्षणामुळे. जोर लावणारी चाके जास्त, तितकी पकड जास्त. पावसात रूळ ओले झाले की ही पकड कमी होते आणि इंजिनाची चाके जागच्या जागी फिरू लागतात. अशा वेळी इंजिनातून रुळावर वाळू सोडतात.

उतरताना अडचण कोणती?

चढताना गुरुत्वाकर्षण गाडीला अडवते. उतरताना तेच तिला ढकलते. ३७ ला १ च्या उतारावर ब्रेक न लावता सोडलेल्या गाडीचा वेग पहिल्या मिनिटातच ताशी ५० किलोमीटरच्या पुढे जाईल आणि दुसऱ्या मिनिटाअखेर शंभरीपार. ती थांबवण्यासाठी ब्रेकला गाडीची ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. आपली १,२०० टनांची गाडी प्रत्येक १०० मीटर उंची उतरते, तेव्हा सुमारे ३२५ युनिट विजेइतकी ऊर्जा जिरवावी लागते. लहान कुटुंबाला ही वीज दोन-तीन महिने पुरेल. सगळा भार चाकांच्या ब्रेकवर टाकला तर ते तापून निकामी होऊ शकतात. म्हणून इंजिनाच्या मोटारींनाच जनित्रासारखे चालवून वेग रोखतात. नव्या इंजिनांत ही वीज वरच्या तारेत परत जाते.

ब्रेकच लागले नाहीत तर?

त्यासाठी घाटात ‘कॅच सायडिंग’ आहेत. हा मुख्य मार्गातून फुटून चढाला जाणारा फाटा. सांधा एरवी या फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी आधी थांबते, ती ताब्यात आहे याची खात्री पटते आणि मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. मंकी हिल, ठाकूरवाडी परिसरात गाडी उभी राहते ती यासाठी. न थांबलेली गाडी मात्र फाट्यावर जाऊन चढाला लागते.

गॅलिलिओचा समोरचा चढ तो हाच. घर्षण सोडून दिले, तर ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सुमारे १४ मीटर उंची चढून थांबते. डबे चार असोत की चोवीस, उंची तेवढीच. कारण वजन वाढले की जडत्व वाढते आणि त्याच प्रमाणात मागे खेचणारे बलही वाढते.

प्रवाशांनी काय लक्षात घ्यावे?

जडत्व गाडीला असते तसे आपल्या शरीरालाही असते. खोपोली मार्गावर लोकल मोजक्याच असल्याने चढण्या-उतरण्याची घाई होते. चालत्या लोकलमधून उतरल्यावर पाय फलाटावर थांबतात, पण धड गाडीच्याच वेगाने पुढे जाते. ताशी २० किलोमीटर वेग म्हणजे सुमारे दीड मीटर उंचीवरून खाली आदळण्याइतका मार.

पावसाळ्यात धबधब्याकडे जाताना काही पर्यटक रुळांवरूनच चालतात. समोर माणूस दिसताच लोको पायलटने ब्रेक लावले, तरी शेकडो टनांची गाडी तिथल्या तिथे थांबत नाही. उतारावर तर ब्रेकच्या जोरातला काही भाग गुरुत्वाकर्षणाला तोंड देण्यातच खर्च होतो आणि थांबण्याचे अंतर आणखी वाढते. वळण आणि बोगदा असेल, तर ते अंतर मिळतच नाही. हॉर्न ऐकून बाजूला होण्याइतका वेळ मिळेल, हा भरवसा घाटात धरू नये.