डोहाळजेवणाच्या आधीचे जेवण

छावणीतल्या आमच्या घरी परवा धाकट्या जावेचे डोहाळजेवण झाले. हिरवी साडी, फुलांची वाडी, ओटी, सारे कसे साग्रसंगीत! तूप वाढताना सासूबाई म्हणाल्या, "आता पोरीला काही कमी पडू द्यायचे नाही हो."

मला मात्र आधीचे महिने आठवले. सर्वांची पाने उठल्यावर ती जेवायला बसे. आठवडी बाजारातल्या मेथीची भाजी थोडी उरलेली असे. दह्याचे भांडे बहुधा रिकामेच. मीही तिच्या आधी जेवून उठत होते, हे कबूल करते.

बाळाची घडण सुरू होते ती आईला दिवस गेल्याचे घरात कळण्यापूर्वीच. जनुके आईबापांची, पण कोणत्या जनुकाने बोलायचे व कोणी गप्प बसायचे, हे ठरवणाऱ्या खुणाही त्यांवर असतात. मिथिल नावाचा चिमुकला रासायनिक गट ही त्यांतली एक महत्त्वाची खूण. ती उमटण्यास फोलेट आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे लागतात. फोलेट पालेभाजीत मिळते. ब-१२ मात्र दूध, दही, अंडी, मासे, मांस यांत. तेव्हा शाकाहारी घरात दह्याची वाटी कोणाच्या पानापर्यंत पोचते, ही गोष्ट किरकोळ नव्हे!

१९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी रसद रोखल्याने पश्चिम हॉलंडात उपासमार झाली. त्या दिवसांत ज्यांचा गर्भ राहिला, त्यांचे रक्त साठएक वर्षांनी तपासले. वाढीशी संबंधित एका जनुकावर मिथिलच्या खुणा त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा कमी भरल्या. ज्यांच्या आया अखेरच्या महिन्यांत उपाशी राहिल्या, त्यांच्यात हा फरक आढळला नाही.

आपल्या पुण्यातही असे काम झाले आहे. के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा अभ्यास आरंभला. बाळे सरासरी २.७ किलोची, अंगाने किडकिडीत, पण त्या मानाने चरबी बरीच. पालेभाज्या व फळे वरचेवर खाणाऱ्या मातांची बाळे अंमळ भरदार निघाली. सुमारे दोनतृतीयांश मातांत ब-१२ अपुरे होते. सहाव्या वर्षी मुले तपासली, तेव्हा ज्यांच्या आयांत फोलेट भरपूर पण ब-१२ कमी होते, त्यांची शरीरे इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. मधुमेहाची ही पूर्वतयारीच! म्हणून डॉक्टरांनी दिलेली फोलिकची गोळी कोणी बंद करू नये. जोडीला ब-१२ चीही चौकशी करावी, इतकेच.

हीच मुले पुढे वयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांतल्या काहींना रोज ब-१२ देण्यात आले. त्यांतल्या मुली आई झाल्या, तेव्हा नाळेच्या रक्तपेशींत कोणती जनुके बोलकी आहेत, हेही पाहिले गेले.

हे सारे मी सासूबाईंना सांगितले. त्यांनी माझ्या सतरा वर्षांच्या लेकीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, हिच्या पानात दही वाढलंस का?"