तळ्याकाठी आजीलाही नेता आले पाहिजे

आपल्या सीमाभागातून भोपाळला जाणे तसे अवघड नाही. बेळगाव आणि मिरजेहून गोवा एक्स्प्रेस, गुलबर्गा आणि सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेस. रात्रीच्या जेवणाचा डबा बरोबर घेतला की झाले. भोपाळच्या पूर्व भागात गोविंदपुरा आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथे वीजयंत्रे बनवणारा सरकारी कारखाना उभा राहिला आणि ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. तोच आजचा 'भेल'. या कारखान्यामुळे देशभरातली माणसे गोविंदपुरा, पिपलानी, बरखेडा या वसाहतींत राहायला आली. त्यांत मराठी घरेही होती. नोकरीसाठी गेलेला मुलगा तिकडेच स्थिरावला, की गावाकडचे आईवडील कधी ना कधी पाहुणे म्हणून जातातच.

आणि पाहुणे आले, की भोपाळकर त्यांना 'बडा तालाब' दाखवायला नेतात. ताल असावा तर भोपाळचा, बाकी सगळ्या तलय्या, असे तिथली म्हण सांगते. ती अगदीच फुशारकी नाही. अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदीवर मातीचा बांध घालून हा तलाव केला, असे मानले जाते. शेजारचा छोटा तलाव १७९४ मधला. या दोन्हींना मिळून 'भोज पाणथळ' म्हणतात. ऑगस्ट २००२ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत त्याचा समावेश झाला. क्षेत्र ३,२०१ हेक्टर, म्हणजे जवळजवळ आठ हजार एकर. भोपाळच्या मोठ्या भागाला पिण्याचे पाणी मोठ्या तलावातूनच मिळते. हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात, आणि माणसाच्या उंचीचा सारस क्रौंचही इथे दिसतो.

इतके सगळे असूनही काही घरांत तलावाची सहल एका वाक्यापाशी अडते. "तुम्ही सगळे जाऊन या, मी गाडीतच बसते." हे वाक्य गुडघे दुखणाऱ्या आजीचे असते, काठी घेऊन चालणाऱ्या आजोबांचे असते, कधी चाकाच्या खुर्चीतल्या तरुण मुलाचेही असते. बोलणारा समजूतदारपणे बोलतो, ऐकणाराही मान डोलावतो. पण शेकडो मैल प्रवास करून आलेल्या माणसाने तलावाच्या दारात मोटारीच्या काचेतून बाहेर बघत बसावे, यात काहीतरी चुकते आहे. चूक त्या गुडघ्यांची नाही.

वनविहारचा रस्ता

मोठ्या तलावाच्या काठालाच वनविहार राष्ट्रीय उद्यान आहे. ४४५ हेक्टरच्या या जागेला १९८३ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. बोट क्लबच्या बाजूला एक दार, भदभदा धरणाच्या बाजूला दुसरे, आणि या दोहोंना जोडणारा पक्का रस्ता. एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला टेकडी. चितळ, सांबर, नीलगाय मोकळे फिरतात. वाघ, सिंह, अस्वले मोठ्या कुंपणांत असतात. त्यांतले बरेचसे प्राणी सर्कशीतून किंवा संकटातून सोडवून आणलेले आहेत.

न चालू शकणाऱ्या माणसाच्या दृष्टीने या उद्यानाची सर्वांत मोठी सुविधा म्हणजे हा रस्ताच. जंगल पाहायला पायवाट तुडवावी लागत नाही, मनोऱ्यावर चढावे लागत नाही. बघण्यासारखे बरेचसे रस्त्याच्या कडेलाच आहे. आतापर्यंत घरची मोटार आत नेता येई आणि आजीबाई मागच्या सीटवरून पाणी, पाखरे, हरणे सगळे पाहत.

ऑक्टोबर २०२५ पासून हे बदलले. खासगी मोटारींना आत मज्जाव झाला आणि विजेवर चालणाऱ्या उघड्या गाड्या सुरू झाल्या. प्राण्यांच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. हॉर्न गेला, धूर गेला. पण आजीच्या दृष्टीने पाहिले तर प्रश्न बदलला. पूर्वी ती घरून बसलेल्या गाडीतून उतरतच नव्हती. आता तिला दारात उतरायचे, तिकिटापर्यंत जायचे, वाट पाहायची आणि दुसऱ्या गाडीत चढायचे. त्या गाडीची पायरी किती उंच? धरायला दांडी आहे का? घडीची खुर्ची बरोबर घेता येते का? मधल्या थांब्यावर उतरले, तर पुढची गाडी येईपर्यंत टेकायला सावलीतला बाक आहे का? प्रश्न किरकोळ वाटतात. पण सहल होणार की नाही, हे त्यांच्यावरच ठरते.

नौकाविहाराचेही तसेच. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने मोठ्या तलावात इंजिनाच्या बोटी आणि क्रूझ चालवण्यावर बंदी घातली. पिण्याच्या पाण्यात डिझेलचा तवंग कोणाला हवा? त्यानंतर २०२५ च्या डिसेंबरात वल्ह्याचे शिकारे आले. क्रूझवर फळी टाकून चढता येते. शिकारा मात्र पाय ठेवला की डुलतो, आणि ज्याचा तोल आधीच कच्चा, तो तिथेच मागे फिरतो. तलावाचा निर्णय बरोबर, पण चढण्याच्या जागेचा विचार हे वेगळे काम आहे, आणि ते कोणीतरी करायला हवे. पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का, दोन्ही बाजूंना कठडा आणि हात धरणारा एक शिकलेला माणूस, एवढ्याने फार फरक पडतो.

सुविधा म्हणजे सिमेंट नव्हे

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सुविधांचा विषय निघाला, की पर्यावरणवाले दचकतात. आता काठावर काँक्रीट ओतणार, दिवे लावणार, हॉटेल काढणार, अशी त्यांना भीती वाटते. ती अनाठायी नाही. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांनुसार गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून पन्नास मीटरच्या आत, बोटीचा धक्का सोडून, पक्के बांधकाम करता येत नाही. आणि ते योग्यच आहे. पाणथळ जागेचा जीव तिच्या काठात असतो. पाणी चढते, उतरते, चिखल उघडा पडतो, त्यात किडे-शिंपले होतात, आणि त्यांच्यावर पाखरे जगतात. काठ बांधून काढला, की तळ्याचा हौद होतो.

पण आजीला काठाशी नेण्यासाठी लागणाऱ्या गोष्टींची यादी करा. त्यात नवे बांधकाम किती निघते?

तिकिटाच्या खिडकीपाशी पायरीऐवजी उतार. अपंगांसाठीचा नियम एकास बारा असा आहे. म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार. याहून उभा असेल, तर तो शोभेचा. खुर्ची ढकलणाऱ्याचाही दम निघतो. मग कमोड, हाताला दांड्या आणि खुर्ची आत वळेल एवढी जागा असलेले एक स्वच्छतागृह, आणि त्याला लावलेल्या कुलपाची किल्ली जवळच्या माणसाकडे. थोड्या थोड्या अंतरावर पाठ टेकता येईल असे बाक. भोपाळमध्ये बाकाला आणखी एक अर्थ आहे. १९८४ च्या वायुकांडाने या शहरातल्या असंख्य माणसांची फुप्फुसे दुबळी केली. चार पावलांवर दम लागणारा माणूस बाहेरून धडधाकट दिसतो. त्याला ना खुर्ची लागते, ना काठी. त्याला बाक लागतो.

आणि कठडा. बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट ही. खुर्चीत बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण पावणेचार ते चार फुटांवर असते. तलावाकाठी छातीएवढी भरीव भिंत बांधली, की उभ्या माणसाला पाणी दिसते, बसलेल्याला भिंत. लहान मुलांचेही तेच. भिंतीऐवजी आरपार दिसणारी जाळी किंवा गजांचा कठडा असला, तर दोघांचेही काम होते, आणि खर्च वाढायचे कारण नाही.

इंग्लंडमध्ये स्लिमब्रिज येथे पीटर स्कॉट या पक्षीप्रेमी चित्रकाराने १९४६ मध्ये पाणथळ पक्ष्यांचे केंद्र सुरू केले. तिथल्या वाटा सपाट आहेत, दारात चाकाच्या खुर्च्या मिळतात आणि पक्षी पाहण्याच्या लाकडी खोल्यांना बसलेल्यांसाठी खालच्या उंचीच्या खिडक्याही आहेत. पाखरे तिथे उडून गेली नाहीत. उलट आडोशात बसून पाहणारा माणूस काठावर धावणाऱ्यापेक्षा त्यांना कमीच त्रास देतो.

डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी तर पाणथळ जागा ही कानांची मेजवानी. गाड्यांचा गोंगाट थांबल्याने ती आणखी वाढते. सोबतीला पाखरांचे आवाज ओळखून सांगणारा वाटाड्या हवा, एवढेच. ऐकू न येणाऱ्यांसाठी चित्रांचे मोठ्या अक्षरांतले फलक.

कायदा काय म्हणतो?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येणे ही मेहरबानी न ठेवता हक्क केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबत आणखी स्पष्टता आणली. सुगम्यतेच्या किमान अटी केवळ शिफारशी म्हणून राहता कामा नयेत, त्या सक्तीच्याच हव्यात, असे सांगून न्यायालयाने असे नियम करण्यासाठी केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. तेव्हा वनखात्याच्या दारात "उतार कुठे आहे?" असे विचारणारा माणूस काही जगावेगळे मागत नसतो.

आपल्या दारचे काय?

भोपाळ दूर आहे, पण प्रश्न घरचाच आहे. गोकाक तालुक्यात धुपदाळच्या बंधाऱ्यापाशी घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. गदग जिल्ह्यातल्या मागडी केरेवर हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस येतात. २०२४ मध्ये तेही रामसर यादीत गेले. कोल्हापूरकरांना रंकाळा आहे. नाशिककडचे नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. म्हैसूरजवळच्या रंगनतिट्टूला वल्ह्याच्या नावेतून 'बण्णद कोक्करे', म्हणजे आपले चित्रबलाक, हाताच्या अंतरावर दिसतात. घरात आजी म्हणा की अज्जी, तळे म्हणा की केरे, तिला तिथवर नेता येते का, हा प्रश्न दोन्ही भाषांत सारखाच. पक्षीनिरीक्षणाच्या सोयी म्हटल्या की आपल्याकडे आधी मनोरा सुचतो, आणि मनोरा म्हटला की जिना आलाच. पुढच्या वेळी निधी येईल तेव्हा मनोऱ्याच्या पायथ्याशी, जमिनीच्या पातळीवर, एक आडोसा आधी मागायला हवा.

जाण्याआधी एवढे करा

वनविहारला जाताना आठवड्याची सुट्टी आणि वेळा आधी विचारून घ्या, त्या बदलत असतात. दारात पोहोचल्यावर प्रथम घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाची सोय विचारा, मग तिकिटे काढा. हिवाळ्यातली सकाळ निवडा. ऊन कमी, पाखरे जास्त. घडीचे स्टूल, पाण्याची बाटली आणि दुर्बीण बरोबर असू द्या. बसलेल्या माणसाला दुर्बीण उभ्या माणसापेक्षा स्थिर धरता येते, हेही आजोबांना सांगा.

आणि निघताना अभिप्रायाच्या वहीत दोन ओळी लिहा. छान वाटले, एवढेच नको. पायरी कुठे नडली, बाक कुठे नव्हता, कोणत्या कर्मचाऱ्याने आपणहून हात दिला, हे लिहा. गाडीत बसून राहिलेली माणसे वनखात्याच्या आकड्यांत दिसत नाहीत, कारण त्यांचे तिकीटच फाटत नाही. त्यांची नोंद आपणच करायची आहे.