पिवळ्या रेषेचं बिऱ्हाड

विजयदुर्ग किल्ल्यावरच्या चौथऱ्यांना ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. नॉर्मन लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात इथेच दुर्बीण लावून हेलियम शोधला, असं कोकणात सांगतात. लॉकियर इथे आले हे खरं, साल आणि शोधाची गोष्ट मात्र चुकलेली. लॉकियर विजयदुर्गाला आले ते 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांनी 1895 मध्ये पृथ्वीवरच्या खनिजातूनही हेलियम बाहेर काढला होता. 1868 चं ग्रहण गुंटूरहून पाहिलं ते फ्रान्सच्या जान्सेन यांनी. लॉकियर यांनी त्याच वर्षी 20 ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, इंग्लंडातूनच सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला.

त्या वर्णपटातली पिवळी रेषा अनेकांना सोडियमची वाटली, आणि त्यात नवल नाही. सोडियमच्या जोडरेषा 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरवर, ही 587.6 वर. एवढ्याशा फरकावरून हेलियम हे नवं मूलद्रव्य मानायला धाडस लागतं.

सोडियमची रेषा आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. मीठ घातलेलं वरण उतू गेलं की गॅसची निळी ज्योत फर्रकन पिवळी होते, तोच हा रंग. सोडियमचे अकरा इलेक्ट्रॉन तीन कवचांत 2, 8, 1 असे बसतात. बाहेरच्या एकट्याला वरच्या पातळीवर ढकलायला 2.1 इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात, चुलीच्या आचेलाही ते जमतं. तो परत खाली येताना तेवढीच ऊर्जा प्रकाश म्हणून टाकतो. पातळ्या ठरलेल्या, म्हणून रंगही ठरलेला. नील्स बोर यांनी हे 1913 मध्ये मांडलं आणि बामर या बाझेलच्या शाळामास्तरांनी 1885 मध्ये हायड्रोजनच्या चार रेषांवरून बसवलेल्या सूत्रामागचं कारण कळलं.

हेलियमची तऱ्हा वेगळी. त्याचे दोन्ही इलेक्ट्रॉन पहिल्याच कवचात, आणि कवच भरलेलं. त्यातल्या एकाला दुसऱ्या कवचात न्यायलाच सुमारे 20 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. पिवळी रेषा तर तिसऱ्या कवचातून दुसऱ्यात येतानाची, म्हणजे इलेक्ट्रॉन आधीच खूप वर चढलेला हवा. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाचं तापमान 5800 केल्व्हिनच्या आसपास, तिथे असे अणू जवळजवळ नसतातच. म्हणून वस्तुमानाने सूर्याचा साधारण चौथा हिस्सा हेलियम असूनही फ्राउनहोफर यांनी सूर्यप्रकाशात नोंदलेल्या काळ्या रेषांत त्याची ठळक खूण नाही. ती दिसते पृष्ठभागाच्या वरच्या थरात आणि ज्वालांत. रेषा नाही म्हणजे मूलद्रव्य नाही, असं होत नाही. तापमान आणि दाब यांनुसार किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात, याचं गणित 1920 मध्ये मेघनाद साहा यांनी मांडल्यावर ताऱ्यांचे वर्णपट खऱ्या अर्थाने वाचता येऊ लागले.

बोर यांचं सूत्र एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमला चपखल लागू पडलं. हायड्रोजनच्या नावावर जमा असलेल्या काही रेषा मुळात अशा हेलियमच्या आहेत, हे त्यांनीच दाखवलं. दोन्ही इलेक्ट्रॉन शाबूत असलेल्या हेलियमपुढे मात्र तेच सूत्र थकलं. त्याच्या रेषांची दोन स्वतंत्र घराणी होती, जणू दोन वेगळे वायू. कोडं सुटलं 1926 मध्ये. इलेक्ट्रॉनच्या फिरकीचा नुकताच लागलेला शोध आणि दोन इलेक्ट्रॉन सर्वस्वी एकाच स्थितीत राहू शकत नाहीत हा पाउली यांचा 1925 चा नियम हाताशी धरून हायझेनबर्ग यांनी ती घराणी वेगळी केली. एकात दोघांच्या फिरक्या विरुद्ध, दुसऱ्यात समांतर. आपली पिवळी रेषा समांतरवाल्यांची. पहिल्या कवचात दोन, दुसऱ्यात आठ, हा हिशेबही पाउलींच्या नियमातूनच निघतो.

शाळेत मात्र आपण 2, 8, 18 पाढ्यासारखं घोकतो आणि ज्या रेषांनी हे आकडे शिकवले त्यांची गाठ फार उशिरा पडते. हा क्रम उलटा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. विज्ञानाच्या शिक्षकांना विनंती आहे: अडगळीतली एखादी सीडी काढा आणि मुलांना तिच्यात जुन्या सीएफएल दिव्याचं प्रतिबिंब तिरकं धरून पाहू द्या. मग एलईडीचं दाखवा. एकात रंग सुटे सुटे दिसतील, दुसऱ्यात सलग पट्टा. तो फरक का, हे मुलांनी विचारल्यावरच फळ्यावर 2, 8, 18 लिहा.