कान ठणकला की लगेच अँटिबायोटिक?
सर्दी झालेलं मूल मध्यरात्री कान धरून रडत उठतं. लहानपणी नाकामागून मध्यकर्णाकडे जाणारी नळी आखूड आणि आडवी असते. सर्दीत ती सुजून तुंबते, पडद्यामागे पू साचतो. दोन वर्षांवरच्या, एरवी धडधाकट मुलांचं हे दुखणं बहुधा २-३ दिवसांत आपसूक ओसरतं. म्हणून डॉक्टर कधीकधी वजनानुसार पॅरासिटॅमॉल देऊन ४८ ते ७२ तास वाट पाहतात. मात्र बाळ ६ महिन्यांच्या आतलं असेल, ताप १०२ अंशांवर गेला असेल किंवा कान वाहत असेल, तर सहसा अमॉक्सिसिलिन लगेच सुरू होतं. कानामागे सूज दिसली तर तातडीने दवाखाना गाठा. मागच्या वेळचं उरलेलं औषध देऊ नका. कानात कोमट तेलही नको.