लशीचा वाहक आणि देहाची स्मृती

लस ‘किती टक्के परिणामकारक’ या एकाच आकड्यावरून आपण तिचे मोल ठरवतो. वस्तुतः तो आकडा एकट्या लशीचा नसतो. ती ज्यांना टोचली त्यांच्या शरीरांचाही असतो. दरडोई उत्पन्नावरून गरिबाच्या ताटाचा अंदाज येत नाही, हे जाणणाऱ्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये.

काही लशींत रोगजंतूच्या एखाद्या प्रथिनाचा जनुकीय आराखडा दुसऱ्याच, निरुपद्रवी केलेल्या विषाणूत घालून शरीरात धाडला जातो. हा वाहक विषाणू शरीराच्या पूर्वपरिचयाचा असेल, तर प्रतिपिंडे त्यालाच वाटेत गाठतात. टपालवाल्यालाच दाराबाहेर अडवले, तर पत्र घरात पोचावे कसे?

माणसाला सर्दी-पडसे देणारा ‘ॲडिनो-५’ हा असाच एक वाहक. २०२० साली वूहानमध्ये त्यावर आधारलेल्या कोरोना-लशीची पहिली चाचणी १०८ जणांवर झाली. ज्यांच्या अंगी या वाहकाविरुद्धची प्रतिकारशक्ती आधीच प्रबळ होती, त्यांच्यात लशीचा प्रतिसाद क्षीण दिसला. ही प्रतिकारशक्ती जगात समप्रमाणात विभागलेली नाही. अमेरिकेच्या मानाने आफ्रिकेत व भारतात ती अधिक लोकांत आढळते. तेव्हा श्रीमंत देशात पारखलेली लस गरीब देशात उणी पडू शकते.

शास्त्रज्ञांनी यावर तोडगे काढले. रशियाच्या ‘स्पुटनिक’ लशीत पहिल्या मात्रेला ॲडिनो-२६ व दुसरीला ॲडिनो-५ असे दोन वाहक योजले गेले. ऑक्सफर्डने चिंपांझीत आढळणारा, माणसाच्या फारशा परिचयाचा नसलेला विषाणू निवडला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तीच लस ‘कोव्हिशिल्ड’ नावाने बनवली आणि देशात तिच्या १५० कोटींहून अधिक मात्रा टोचल्या गेल्या.

येथेच खरा प्रश्न उद्भवतो. अपरिचय हीच त्या वाहकाची पुंजी होती; आता कोट्यवधी देहांना तो ओळखीचा झाला आहे. ऑक्सफर्डच्या चाचण्यांत तिसऱ्या मात्रेनेही प्रतिपिंडे वाढली, म्हणजे वाट अगदीच बंद होत नाही, हे खरे. परंतु उद्या त्याच वाहकावर अन्य रोगाची लस आणायची झाल्यास, तो अपरिचित आहे असे गृहीत धरून चालणार नाही. हिशेब नव्याने मांडावा लागेल.

म्हणून अशा लशीला परवाना देण्यापूर्वी वाहकाविरुद्धची प्रतिकारशक्ती येथील लोकांत मोजली जावी, चाचणीचे निष्कर्ष त्यानुसार वेगवेगळे मांडावेत आणि ते जाहीर व्हावेत. कोणता वाहक कोणत्या रोगासाठी खर्ची घालायचा, हे केवळ कारखानदाराच्या सोयीवर सोपवू नये. लस सार्वजनिक पैशातून विकत घेतली जाते. तेव्हा परक्या देशाची सरासरी नव्हे, तर आपल्या लोकांचा आकडा मागण्याचा नागरिकाला पूर्ण अधिकार आहे.