अवधान-न्यूनता व अतिक्रियता विकार आणि व्यावसायिक जीवन

अवधान टिकवून धरण्यातील अडचण, अतिक्रियता आणि आवेगशीलता ही लक्षणे वयाच्या मानाने अधिक व सातत्याने आढळणाऱ्या विकारास अवधान-न्यूनता व अतिक्रियता विकार किंवा संक्षेपाने एडीएचडी असे म्हणतात. तो बालपणी सुरू होतो व त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये अशा स्वरूपाच्या मुलांचे वर्णन केले. पुढे दीर्घकाळ हा केवळ मुलांचाच विकार मानला गेला. तथापि अनेकांमध्ये तो प्रौढपणीही टिकून राहतो व त्याचे परिणाम उपजीविकेच्या क्षेत्रात विशेष जाणवतात.

कामांचा अग्रक्रम ठरविणे, वेळेचा अंदाज घेणे, सूचना ध्यानात ठेवणे आणि तात्कालिक ऊर्मी आवरणे या नियामक क्रिया या विकारात दुर्बल असतात. कामाचे ज्ञान असते, परंतु ते योग्य वेळी कृतीत उतरत नाही. म्हणून मुदती चुकतात, कागदपत्रे गहाळ होतात, बैठकीत मध्येच बोलले जाते किंवा पुढचा विचार न करता नोकरी सोडली जाते. हीच व्यक्ती आवडीच्या कामात मात्र तासन्‌तास गढून जाते. या विसंगतीमुळे ‘मनात आणले तर जमते’ असा समज होऊन विकाराला आळस वा बेफिकिरी ठरविले जाते. वारंवार असे दोषारोप झाल्याने आत्मविश्वास खचतो. चिंता व अवसादही उद्‌भवू शकतात. स्त्रियांमध्ये अतिक्रियता पुष्कळदा ठळक नसल्याने निदान उशिरा होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने दहा देशांत झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १८ ते ४४ वयाच्या कामकरी व्यक्तींपैकी सु. ३·५ टक्के व्यक्तींत हा विकार आढळला. इतरांच्या तुलनेने त्यांचे वर्षाकाठी सु. २२ दिवसांचे काम अधिक बुडत होते. उपचार मात्र फारच थोड्यांना मिळालेले होते.

मिथिलफेनिडेटसारखी औषधे, बोधात्मक वर्तनोपचार व कामाच्या पद्धतीतील बदल यांचा उपयोग होतो. लेखी सूचना, मोठ्या कामाचे छोटे टप्पे, जवळच्या मुदती, शांत जागा व वेळोवेळी आढावा या सोयींना फारसा खर्च येत नाही. वैविध्य व हालचाल असलेले काम काहींना मानवते. मात्र अमुक व्यवसाय सर्वांनाच योग्य, असा नियम सांगता येत नाही.

भारतातील दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या २१ दिव्यांगतांच्या सूचीत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. या विकाराचा स्वतंत्र निर्देश नाही. त्यामुळे कामाच्या ठिकाणी मिळणारी सोय बहुधा वरिष्ठांच्या समजुतीवर अवलंबून राहते. योग्य निदान झाल्यास मात्र स्वभावदोष म्हणून शिक्षेस पात्र ठरणारे वर्तन उपाययोजनेचा विषय होऊ शकते.